रोड बाइकचे टायर : जीपी ५००० की गेटरस्किन? (पहिल्या ६०० च्या आधी मदत हवी)

कात्रजकन्या | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसतीच वाचत होते, आता गळ्याशी आलंय म्हणून पहिला धागा काढते आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

डिसेंबरात पहिली ६०० किमीची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायची आहे. पुणे–संकेश्वर–पुणे, मुदत ४० तास. २०० आणि ३०० झाल्या, ४०० पुढच्या महिन्यात. सगळं जुळून आलं तर यंदा सुपर रँदोनर (एकाच हंगामात या चारही पुऱ्या केल्या की मिळणारा किताब). पण परवाच्या ३०० मध्ये (पुणे–कराड–पुणे) चार पंक्चर झाली. चार! तिसऱ्या वेळी सोबतचे म्हणाले, "आम्ही हळूहळू पुढे होतो, तू ये." चौथं शिरवळच्या अलीकडे, रात्री साडेदहाला. एका ढाबेवाल्या काकांनी बॅटरी धरली आणि चहाचे पैसेही घेतले नाहीत. २० तासांची मुदत होती, मी १९ तास ४९ मिनिटांनी पोचले. कार्डावर शिक्का बसला, पण ६०० ला हे असं चालायचं नाही.

सायकल २०१८ ची, ऍल्युमिनियमची, रिम ब्रेकवाली. टायर सायकलबरोबर आलेलेच आहेत, ७०० × २५ (म्हणजे २५ मिमी रुंद), कडेत तार असलेले. सात हजार किलोमीटर झालेत. मी ६२ किलो. सायकल, बाटल्या, बॅग मिळून आणखी १३. हवा ११० पीएसआय भरते, कारण पहिल्या दिवशी दुकानात तसं सांगितलं होतं.

कुणी म्हणतं काँटिनेंटलचा जीपी ५००० घे, उडशील. कुणी म्हणतं त्यांचाच जाड गेटरस्किन घे, पंक्चर विसरशील. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

हँडलबार_हरी | रविवार, रात्री १०:५२

जीपी ५०००. डोळे मिटून. पुढचा प्रश्न?

मु_पो_वाई | रविवार, रात्री ११:०५

हरीभाऊ, डोळे मिटून सायकल चालवतात म्हणूनच तुमचे टायर एवढे फाटतात.

ताई, हायवेच्या कडेने रात्री जायचंय ना? गेटरस्किन घ्या. दोन मिनिटं उशिरा पोचलात तरी चालेल, पण अंधारात चाक काढून बसणं नको. मी पाच वर्षं तेच वापरतोय. जड आहेत, मान्य. पण झोप शांत लागते.

टाकीफुल | रविवार, रात्री ११:३०

मध्येच विचारतो, राग मानू नका. हे जीपी का काय ते, एक टायर कितीला? कुणीतरी मागे म्हणालं की माझ्या स्प्लेंडरच्या टायरपेक्षा महाग. हे खरंय?

कात्रजकन्या | रविवार, रात्री ११:३४

@टाकीफुल, खरंय. आकडा लिहीत नाही, आई हा धागा वाचते.

टॉर्कमामा | सोमवार, सकाळी ७:१५

सुप्रभात. थोडं गणित करू म्हणजे "उडशील" म्हणजे नेमकं किती ते कळेल.

टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो, पुढे सरकला की परत फुगतो. दबताना रबर जेवढी शक्ती घेतं तेवढी परत देत नाही, काही भाग उष्णतेत जातो. हा तोटा एका गुणांकात मांडतात. पातळ, लवचिक, चांगल्या रबराचा शर्यतीचा टायर बऱ्यापैकी डांबरावर ०.००५ च्या आसपास धरा, जाड चिलखती टायर ०.००८ धरा. फरक ०.००३. आता एकूण वजन ७५ किलो, वेग ताशी २५ किमी म्हणजे सेकंदाला ६.९४ मीटर :

०.००३ × ७५ × ९.८१ × ६.९४ = १५.३ वॅट.

पंधरा वॅट ऐकायला चिल्लर वाटतात. पण बीआरएमला आपण काही शर्यत करत नाही, सरासरी ११०–१२० वॅटवर दिवसभर पायडल मारतो. त्यातला आठवा भाग टायर गिळतो. वेगात हे सपाटीवर ताशी एक-सव्वा किलोमीटर होतं. ६०० किमीत साधारण तास, सव्वा तास. वाईकरांचा "दोन मिनिटं उशीर" तेवढा बरोबर नाही. तो तास म्हणजे कोल्हापुरातल्या लॉजवरची झोप आहे.

जीपी ५००० हलका का पळतो? सांगाड्याचे धागे बारीक आणि दाट : इंचाला ११० धाग्यांचे तीन थर, म्हणून पुठ्ठ्यावर ३३० लिहितात. गेटरस्किनला तेच १८०. धागे बारीक म्हणजे टायर मऊ, वाकायला कष्ट कमी. नक्षीखाली व्हेक्ट्रान नावाच्या चिवट धाग्याची एक पट्टी असते पंक्चरसाठी, पण ती फक्त मधोमध. बाजूच्या भिंती पातळच. गेटरस्किनच्या भिंतींवर वेगळं कापड चढवलेलं असतं, खडीवर घासले तरी टिकतात. फुकट कुणीच काही देत नाही.

हँडलबार_हरी | सोमवार, सकाळी ७:४०

मामा, दंडवत. मी हेच म्हणालो होतो, फक्त थोडक्यात.

जुनं_खोगीर | सोमवार, सकाळी ९:२०

ताई, टायर कुठला ते नंतर. आधी एक सांगा, त्या चार ट्यूब टाकून दिल्यात की आहेत?

असतील तर एकेक घ्या, हवा भरा, घमेल्यात पाणी घेऊन बुडवा. बुडबुडे कुठून येतात ते बघा आणि इथे लिहा : भोक बाहेरच्या अंगाला (रस्त्याकडच्या) आहे, आतल्या अंगाला (व्हॉल्व्ह असतो त्या) आहे, की कुशीला. एक आहे की दोन. गोल आहे की चिरल्यासारखं. कुठली ट्यूब पुढच्या चाकातली आणि कुठली मागच्या, आठवत असेल तर तेही.

तोवर कुणी ताईंना काही विकत घ्यायला लावू नका.

रानजाई | सोमवार, दुपारी १:१०

वाचते आहे. वाखुसाटी (वाचनखूण साठवली).

इंदिरानगरी | सोमवार, दुपारी २:०५

बंगळुरूहून लिहितोय. आजच्या काळात अजून ट्यूबवर चर्चा? ट्यूबलेस करा हो. ३२ चे टायर, आत सीलंट, ६० च्या खाली हवा. बाभळीचा काटा शिरला तरी सीलंट फुस्स करून भोक बुजवतं, तुम्हाला पत्ताही लागत नाही. गेल्या वर्षभरात एकदाही सायकलवरून उतरलो नाही.

मु_पो_वाई | सोमवार, दुपारी २:३०

उतरला नसाल, पण गेल्या शनिवारच्या धाग्यात तुम्हीच टाकलेला फोटो बघितला. मागचा दिवा, बॅग, आणि तुमची पाठ, सगळीकडे सीलंटचे पांढरे शिंतोडे. आमच्याकडे लग्नात नवरदेवावर एवढ्या अक्षता पडत नाहीत.

इंदिरानगरी | सोमवार, दुपारी २:३३

तो कट मोठा होता हो. प्लग घातला आणि घरी आलो ना?

विदर्भ_वारा | सोमवार, दुपारी ३:००

नागपूरकडच्या उन्हात सीलंट लवकर वाळते, दोन-अडीच महिन्यांत आत नुसत्या रबराच्या गोळ्या खडखडतात. वेळच्या वेळी भरत राहणार असाल तरच ट्यूबलेस. विसरभोळ्या माणसाने ट्यूबच वापरावी, असे माझे मत.

उन्हावरून आठवले. पहाटे २५ अंशाला ८० पीएसआय भरली आणि दुपारी टायर ४५ अंशाला तापला तर आतली हवा ८६ च्या वर जाते. शाळेतला वायूचा नियम. काठोकाठ हवा भरून मे महिन्यात उन्हात सायकल उभी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

टॉर्कमामा | सोमवार, दुपारी ३:२०

ट्यूबलेसवर इथे मारामारी नको, त्याला वेगळा धागा आहे. एवढंच : रिम ट्यूबलेसला साजेशी हवी. ताईंची २०१८ ची साधी रिम बहुधा नसणार. आणि नव्या, कडेला हूक नसलेल्या रिमा (हुकलेस म्हणतात त्या) कुणी घेतल्या असतील तर त्यांना ५ बार, म्हणजे साडेबहात्तर पीएसआयच्या वर हवा चालत नाही आणि टायरही ठरावीकच चालतो. टायरवर लिहिलेलं वाचूनच घाला.

कात्रजकन्या | सोमवार, रात्री ९:५०

खोगीरकाका, बाल्कनीत कुंडीखालची ताटली घेऊन बसले होते. आईला वाटलं मला वेड लागलंय. निकाल असा :

ट्यूब १ (पुढची) : बाहेरच्या अंगाला एकच, टाचणीएवढं.
ट्यूब २ (मागची) : आतल्या अंगाला. चिरल्यासारखं, लांबट.
ट्यूब ३ (मागची) : आतल्या अंगाला. गोल, कडा फुगलेल्या.
ट्यूब ४ (मागची) : आतल्या अंगाला. लांबट.

म्हणजे तीन आतल्या अंगाला? याचा अर्थ काय?

जुनं_खोगीर | सोमवार, रात्री १०:१५

अर्थ असा की चोर घरातलाच निघाला.

आतल्या अंगाला रस्ता नसतो, ताई. तिथे रिम असते, आणि रिममध्ये आऱ्यांची भोकं. त्या भोकांवर एक पट्टी बसवलेली असते, रिम टेप. ती सरकली, अरुंद निघाली, किंवा जुनी होऊन भोकांवर दबली, की ट्यूब त्या भोकात घुसते आणि कडेला कापली जाते. त्यात तुम्ही ११० हवा भरलेली. जेवढी हवा जास्त तेवढी ट्यूब खोल घुसणार. पंक्चर काढून परत ११० भरली, परत तेच. तुम्ही सोन्याचा टायर घातला असतात तरी शिरवळला बसलाच असतात.

मागचं चाक उघडा, ट्यूब काढा आणि टेपवरून बोट फिरवा. मला काय सापडेल ते माहीत आहे, पण तुम्हीच बघा.

नवीन मुलांसाठी लिहून ठेवतो, कारण दरवर्षी कुणीतरी टायरला शिव्या देत येतं. बाहेरच्या अंगाला एक बारीक भोक : काटा, काच किंवा तार, ती अजून टायरमध्येच असू शकते. जवळजवळ दोन भोकं, सापाने चावल्यासारखी : हवा कमी होती, खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलं : पंप लावताना नळी वेडीवाकडी ओढली. आतल्या अंगाला : रिम टेप. ट्यूब बोलते, आपण ऐकून घेत नाही. म्हणून मी टायर घालताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर आणतो. ट्यूबवरचं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर ते मोजलं की टायरमध्ये नेमकं कुठे शोधायचं ते कळतं. तेवढ्यासाठीच, शोभेसाठी नाही.

हँडलबार_हरी | सोमवार, रात्री १०:२१

मी नावं व्हॉल्व्हसमोर आणायचो ते फोटो चांगला येतो म्हणून. आज कळलं.

कात्रजकन्या | मंगळवार, सकाळी ६:०५

काका, साष्टांग. टेप रिमच्या मानाने बारीक आहे आणि एका बाजूला सरकलेली. सहा भोकं उघडी. मागचं चाक दोन महिन्यांपूर्वी एका दुकानात सरळ करून घेतलं होतं, तेव्हाच टेप बदलली असणार. आता मला सात हजार किलोमीटर निमूटपणे चाललेल्या टायरची माफी मागायची इच्छा होते आहे.

मग टायर बदलूच नकोत का?

जुनं_खोगीर | मंगळवार, सकाळी ८:४०

टेप आज बदला. रिमच्या आतल्या रुंदीएवढी, सुती चिकटपट्टीवाली घ्या, प्लास्टिकची सरकते. दुकानातून येताना भोकं झाकली गेलीत का ते स्वतः बघून या.

टायरचं म्हणाल तर मधला भाग हाताने चाचपा. गोल लागतो की चपटा? चपटा असेल तर त्याचं वय झालं. काही टायरवर दोन बारीक खळगे दिलेले असतात, झिजत झिजत ते दिसेनासे झाले की बदलायचा. तुमच्यावर नसतील तर चपटेपणा आणि भेगा बघा. मागचा पुढच्यापेक्षा खूप लवकर झिजतो, कारण वजन आणि जोर दोन्ही त्याच्यावर.

आणि हे पक्कं डोक्यात ठेवा : नवा टायर नेहमी पुढे. मागचं चाक घसरलं तर माणूस बहुतेक वेळा सावरतो, पुढचं घसरलं तर दातांचा डॉक्टर. मागचा संपला की पुढचा मागे न्यायचा आणि नवा पुढे घालायचा. लोक उलटं करतात.

कात्रजकन्या | मंगळवार, सकाळी ८:५५

मागचा ताटासारखा चपटा आहे. पुढचा बरा.

टॉर्कमामा | मंगळवार, सकाळी ९:३०

चला, मग आता खरा प्रश्न. आणि तो कंपनीचा नाही, रुंदीचा आहे.

तुमचे २५ चे आहेत. २८ बसले तर माझं मत आहे की कुठल्याही २५ पेक्षा बरे. पूर्वी समज होता की टायर जेवढा बारीक आणि टणक तेवढी सायकल वेगवान. लाकडी ट्रॅकवर ते खरं असेलही. आपल्या हायवेच्या कडेला, जिथे खडी वर आलेली असते, तिथे टणक टायर प्रत्येक खड्यावर उडतो. ते उडणं तुमच्याच पायातून जातं, आणि अंगातली थरथर रात्री बारानंतर दामदुप्पट वसूल होते. रुंद टायरमध्ये कमी हवा घालून तो खडी गिळतो. व्यावसायिक शर्यतीतले लोकही २३ वरून २८–३० वर आलेत, आणि पॅरिस–रूबेच्या दगडी पट्ट्यांवर ३० च्याही पुढे जातात. ते काही आरामासाठी नाही.

दोन मापं द्या. रिमची आतली रुंदी (रिमवर किंवा तिच्या स्टिकरवर असते). आणि टायरच्या डोक्यापासून ब्रेकपर्यंत जागा किती.

मु_पो_वाई | मंगळवार, सकाळी १०:००

जागा मोजायला चार मिमीचा एलन की (षटकोनी पाना) घ्या. टायर आणि ब्रेकच्या, टायर आणि फ्रेमच्या मधून तो सगळीकडे मोकळा फिरला पाहिजे. नाहीतर पावसात चिखल अडकला की रंग खरवडला जातो. आणि जुन्या ब्रेकमध्ये बऱ्याचदा २५ च्या पुढे जात नाही, आधी बघा.

कात्रजकन्या | मंगळवार, रात्री ८:३०

रिम आतून १७ मिमी. टायरवर ब्रेकखाली साधारण ८ मिमी जागा, मागे फ्रेमच्या बाजूंना ६–६. म्हणजे २८ बसतील ना?

टॉर्कमामा | मंगळवार, रात्री ८:४४

बसतील. उंचीत तीनेक मिमी वाढेल, बाजूला दीड-दीड. चारचा एलन की तरी जाईल. फक्त टायरवर लिहिलेला आकडा आणि खरी रुंदी यात फरक पडतो. जुना जीपी ४००० दोन मिमी जास्त भरायचा. रिम रुंद तेवढा टायर आणखी पसरतो. ३० वर उडी मारू नका.

हवा : ७५ किलोला २८ च्या टायरमध्ये पुढे ६२, मागे ६८ पासून सुरुवात करा. ११० विसरून जा. खंबाटकी एकदा चढा-उतरा, मग दोन-तीन पीएसआय वरखाली. वजन मागे जास्त असतं, म्हणून दोन्ही चाकांत सारखी हवा कधीच नको.

कात्रजकन्या | मंगळवार, रात्री ८:५०

६२??? अंगठ्याने दाबलं तर आत जाईल!

जुनं_खोगीर | मंगळवार, रात्री ९:०२

अंगठ्याने आंबा बघतात, टायर नाही. मीटरचा फ्लोअर पंप घ्या. टायरच्या आधी तो घ्या.

रानजाई | मंगळवार, रात्री ९:४०

एक शंका. पावसाळ्यात ताम्हिणीला वगैरे जाणाऱ्यांनी नक्षीचे टायर घ्यावेत का? हे जीपी तर जवळजवळ गुळगुळीत दिसतात. भीती वाटते.

टॉर्कमामा | मंगळवार, रात्री १०:१०

नक्षी चिखलात लागते, डांबरावर नाही. मोटारीचा टायर रुंद आणि मऊ, म्हणून पाण्यावर तरंगतो. नाल्या पाणी बाहेर काढायला असतात. सायकलचा टायर अरुंद आणि त्यात हवेचा दाब भरपूर, पाणी बाजूला सारतो. विमानांसाठीचं जुनं सूत्र लावलं तर ८० पीएसआयला तरंगायला ताशी दीडशेच्या आसपास वेग लागेल. ताम्हिणीच्या उतारावर तेवढा वेग आला तर टायर ही तुमची शेवटची काळजी असेल.

ओल्यात धरून ठेवतं ते रबर. घसरायला होतं ते पांढऱ्या पट्ट्यांवर, पुलाच्या लोखंडी सांध्यांवर आणि घाटातल्या सावलीच्या शेवाळावर. तिथे कुठलीच नक्षी वाचवत नाही. पाच-सहा पीएसआय कमी करा आणि वळणावर ब्रेक लावू नका, वळणाआधी लावा.

बखरकार | मंगळवार, रात्री ११:३०

अवांतर : टायरला मराठीत शब्द का नाही? बैलगाडीच्या चाकावर लोखंडी कडं चढवतात त्याला 'धाव' म्हणतात. तापवून चढवायची, मग पाणी ओतून थंड केली की लाकूड आवळून बसतं. ऑलिंपिकला पळणाऱ्या माणसाचीही धाव आणि चाकाचीही धाव. मी तर सायकलीला सुचवतो.

अतिअवांतर : डनलॉपने १८८८ ला बेलफास्टला मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला, पण तो रिमला चिकटवलेला असे, पंक्चर म्हणजे सगळं उकलायचं. मिशेलिन बंधूंनी काढता-घालता येणारा टायर केला आणि १८९१ च्या पहिल्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसला शार्ल तेराँ त्यावर बसून बहात्तर तासांच्या आत जिंकला. तुमच्या बीआरएमची ही पणजी. त्या १२०० किमीला आता ९० तास देतात. म्हणजे सुरुवातीपासूनच हा खेळ टायरवाल्यांचा आहे.

हँडलबार_हरी | मंगळवार, रात्री ११:३५

"माझी पुढची धाव पंक्चर झाली." नको हो बखरकार. धाग्याचं काश्मीर नको, अवांतर वाढवू नका.

मु_पो_वाई | बुधवार, सकाळी ७:००

टॉर्कमामांच्या १५ वॅटवर रात्रभर विचार केला. ताईंची पंक्चरं रिमची निघाली, त्यामुळे माझा मुद्दा निम्मा पडला, कबूल. पण ट्यूब १ विसरू नका. बाहेरून टाचणीएवढं भोक. ती तार आहे. हायवेवर ट्रकचे रिमोल्ड टायर फुटतात, त्यांच्या पोलादी तारा केसाएवढ्या बारीक होऊन कडेला पडतात. गाड्या सगळं झाडून आपल्याच पट्ट्यात ढकलतात. तार डोळ्याला दिसत नाही, बोटालाही लागत नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, धागा अडकला की तिथे आहे. नेलकटरने ओढून काढा. नाही काढली तर शंभर किलोमीटरवर दुसरी ट्यूब जाते.

आणि शक्यतो पांढऱ्या पट्टीच्या जवळून चालवा, अगदी कडेच्या कचऱ्यातून नको.

कात्रजकन्या | बुधवार, सकाळी ७:२५

सापडली!!! पुढच्या टायरमध्ये. पापणीच्या केसाएवढी. हिच्यावर मी किती दिवस चालवत होते कोण जाणे.

जुनं_खोगीर | बुधवार, सकाळी ९:१०

आता माझं मत, मग ज्याने त्याने भांडावं.

पुढे जीपी ५०००, २८ चा, ट्यूबवाला. वळणावर धरून ठेवतो, हलका पळतो. मागे त्याच घरातला फोर सीझन, २८ चा. दुहेरी पट्टी, भिंतीला कापड, रबर मात्र गेटरस्किनइतकं दगड नाही. पंक्चर मागेच जास्त होतात : वजन तिथे, आणि पुढचं चाक आडवी पडलेली तार उभी करून मागच्याला भरवतं. म्हणून चिलखत मागे. सगळीकडे एकच टायर हवा हा हट्ट फोटोसाठी ठीक आहे.

पैशाची ओढाताण असेल तर व्हिटोरियाचा रुबिनो प्रो दोन्हीकडे घाला आणि वाचलेल्या पैशात पंप आणि चार चांगल्या ट्यूब घ्या. ६०० त्यावरही होते. माझी झाली आहे.

लेटेक्स किंवा त्या नव्या पारदर्शक ट्यूबच्या नादी सध्या लागू नका. लेटेक्सची हवा रातोरात उतरते, आणि रिम ब्रेकवर लांब उतारात रिम तापते. साधी काळी ब्यूटिल.

विदर्भ_वारा | बुधवार, सकाळी ९:४०

खोगीरकाकांना अनुमोदन. एक भर : निम्म्या किमतीत ऑनलाइन दिसले की लगेच टोपलीत टाकू नका. नकली जीपी फिरतात, बाहेरून हुबेहूब. ओळखीच्या विक्रेत्याकडून बिलासकट घ्या.

टाकीफुल | बुधवार, सकाळी ९:५५

निम्मी किंमत म्हणजे किती? म्हणजे मी दुप्पट करून घेईन.

कात्रजकन्या | बुधवार, सकाळी १०:०२

:) छान प्रयत्न.

कात्रजकन्या | पुढच्या शनिवारी, सायंकाळी ६:२०

पुढे जीपी ५०००, मागे फोर सीझन, दोन्ही २८. पण पुढचा रिमवर चढेना! शेवटची वीतभर उरली आहे, दोन्ही अंगठे सोललेत. लोखंडी पट्टी घालून ओढू का?

सर्वजण, एकाच मिनिटात : नाही!!!

मु_पो_वाई | शनिवार, सायंकाळी ६:२४

लोखंडाने ट्यूब चिमटेल आणि परत ताटली घेऊन बसाल. असं करा. व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवायचं, उलट नाही. आधी चढवलेला भाग दोन्ही हातांनी दाबत दाबत रिमच्या मधल्या खोल घळीत ढकला, सगळीकडून. तिथे परीघ कमी असतो, म्हणून वरती ढिलाई मिळते. ती ढिलाई हाताने सरकवत शेवटाकडे आणा. मग तळहाताने लोटा, बोटाने नको. चढल्यावर व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढा म्हणजे ट्यूब कडेखाली अडकलेली असेल तर सुटते. ट्यूबला थोडी टाल्कम पावडर लावलीत तर आणखी बरं.

कात्रजकन्या | शनिवार, सायंकाळी ६:५१

चढला!! घरभर पावडर, आई बोलत नाहीये.

जुनं_खोगीर | शनिवार, सायंकाळी ७:१५

आता सामानात दोन ट्यूब, ठिगळं, सोल्युशन, पंप, आणि टायरची भिंत कापली तर आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा. तोही नसेल तर दहाची नोट दुमडून चालते. नोटही नसेल तर रस्त्यावर बघा, गुटख्याची पुडी सापडेलच. २०१२ पासून बंदी आहे, पण आजवर एकही बीआरएम पुडी न दिसता झालेली नाही. चिवट असते, टायरच्या आत छान बसते.

आणि हवेची छोटी नळकांडी वापरलीत, कार्बन डायऑक्साइडची, तर घरी आल्यावर ती हवा काढून पंपाने भरा. तो वायू ब्यूटिलमधून लवकर निसटतो. सकाळी लोकांना वाटतं परत पंक्चर.

कात्रजकन्या | डिसेंबर, सोमवार, दुपारी १२:१०

झालं!!! ३८ तास २० मिनिटं. सुपर रँदोनर!

शून्य पंक्चर. ४०० ला एक झालं होतं (मागे, काच, दहा मिनिटांत उरकलं), ६०० ला एकही नाही. ६४/६८ वर स्थिरावले. ११० वर चालवत होते तेव्हा दीडशे किलोमीटरला तळहात बधिर व्हायचे, यावेळी निपाणीच्या पुढे लक्षात आलं की हात दुखतच नाहीयेत. येताना कोल्हापूरला अडीच तास झोपले, मामांचा तास धरून. उतारावर लोक म्हणाले तुझी सायकल आवाज करत नाही. शिरवळला त्या ढाबेवाल्या काकांकडे मुद्दाम थांबले, यावेळी चहाचे पैसे घ्यायला लावले.

हे लिहायचं कारण मात्र वेगळंच. आज सकाळी मंडईत जाताना घरापासून दोनशे मीटरवर पुढचं चाक बसलं. ट्यूब काढली : बाहेरचं अंग, एकच भोक, व्हॉल्व्हपासून उजवीकडे एक वीत. टायरवर नाव व्हॉल्व्हसमोर होतं, म्हणून वीतभर मोजलं आणि बरोबर तिथे एक सराटा रुतून बसलेला. आमच्याच सोसायटीच्या फाटकापाशी उगवतो.

जुनं_खोगीर | सोमवार, दुपारी १२:३०

टेप बघितलीत ना परत?

कात्रजकन्या | सोमवार, दुपारी १२:३२

बोट फिरवून. जागच्या जागी आहे.

टाकीफुल | सोमवार, दुपारी १२:४०

अभिनंदन ताई! मनापासून. आता तरी किंमत?

कात्रजकन्या | सोमवार, दुपारी १२:४१

आई अजून वाचते आहे.